अक्कांनी न केलेली नक्कल

अक्का, नियम लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला तुमच्याशी भांडण झालं.

गौरीनं वही आणून दिली. तुमचीच नात ती, एकदा मागं लागली की सुटका नाही. म्हणाली, "जालन्याची आजी, आपला गुलामचोर लिहून दे ना. आजी गेली, आता नियम कुणाला विचारायचे?" तुम्हाला जाऊन महिना झाला आणि पोरीला काळजी नियमांची. मला वाटलं, सोपं काम आहे, अर्ध्या तासात उरकेल. लिहिलं, 'पत्त्यांच्या कॅटमधले तीन गुलाम काढून बाजूला ठेवावेत, एकच डावात ठेवावा.' आणि पेन थांबला. कोणता ठेवावा?

मी जन्मभर म्हणत आले, इस्पिकचा. चोर म्हणल्यावर काळाच पाहिजे. तुमचं म्हणणं, बदामचा. "चोर काय तोंडाला काळं फासून येतो का गं धाकले? चांगला गोरागोमटा येतो, पाणी मागतो, आपल्या चटईवर बसतो अन् मंग चोरी करतो." यावर आपली पंधरा-पंधरा मिनिटं जायची. पोरं कंटाळून जायची. तुमचे मालक, आमचे थोरले दीर, दादा, कूलरसमोर पाय पसरून म्हणायचे, "कोणता बी ठेवा, पर वाटा आता जल्दी." मग त्या दिवशी ज्याच्या हातात कॅट असेल त्याचं खरं. इतक्या वर्षांत ते भांडण मिटलं नाही. आज वहीत मी बदामचा लिहिला. घ्या, जिंकलात तुम्ही. असं जिंकून द्यायचं नव्हतं मला.

पुढचं सोपं आहे. सगळे पत्ते वाटायचे, कुणाला एक कमी कुणाला एक जास्त आला तर बोंबलायचं नाही. हातात जोडी असली, दोन नव्व्या, दोन राण्या, की मधे टाकून द्यायची. उरलेले पत्ते पंख्यासारखे धरून उजवीकडच्यापुढं करायचे, त्यानं न बघता एक ओढायचा. जुळला तर जोडी टाकायची, नाही तर गपचूप हातात खोचायचा. गुलाम एकटाच, त्याला जोडी नाही. तो या हातातून त्या हातात फिरत राहतो. शेवटी सगळ्यांचे हात रिकामे होतात आणि ज्याच्या हातात तो उरतो, तो चोर.

इथपर्यंत गुलामचोर सगळ्या महाराष्ट्रात असाच खेळतात. आपला खेळ इथून पुढं सुरू व्हायचा, आणि तो सगळा तुमचा होता.

चोरानं नक्कल करायची. कुणाची, ते बाकीच्यांनी ठरवायचं, पण माणूस तिथं बसलेलाच पाहिजे. पाठीमागं नक्कल करणं तुम्हाला मान्य नव्हतं. ज्याची नक्कल, त्यानं समोर पाटावर बसायचं. तोंड बंद. हसायचं नाही, रागवायचं नाही, 'मी असं कधी करतो' म्हणायचं नाही. हसला किंवा रागावला तर पुढचा चोर तोच, पत्ते न वाटताच. नक्कल बाकीच्यांना पटली नाही तर परत करायची. आणि ज्याला नक्कल करायचीच नसेल त्यानं कच्च्या कारल्याची फोड चावून खायची, तोंड वाकडं न करता.

हा नियम तुम्ही कशासाठी काढला हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. आपले सासरे, आबा, घरात यायच्या आधी ओट्यावरून खाकरायचे. तीनदा. पहिल्या खाकरण्याला आपण पदर घ्यायचा, दुसऱ्याला बोलणं बंद करायचं, तिसऱ्याला उठून उभं राहायचं. त्या दुपारी आबा कसे कोण जाणे डावात बसले आणि चोर तुम्ही झालात. पोरं ओरडली, आबांची करा, आबांची करा! मी नवी नवरी, पदर आणखी पुढं ओढून घेतला. तुम्ही शांतपणे उठलात, दाराबाहेर गेलात आणि तिथून खाकरलात. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी असा आवाज काढलात की गोठ्यातली म्हैस खरोखर उठून उभी राहिली. आबा पाटावर बसलेले, मिशी थरथरतेय, आणि मग ते जे हसले ते हसतच राहिले. "हारलो बाई, हारलो." त्या दिवसापासून आबा एकदाच खाकरायला लागले. तोंडानं सांगितलं असतं तर दोन सुनांना घराबाहेर काढलं असतं त्यांनी. तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई माझी जाऊ आहे, आता माझं इथं निभेल.

तुमच्यासारखी नक्कल कुणाला जमली नाही. एसटीचा कंडक्टर, शाळेतले मास्तर, बियाण्याच्या पिशव्या घेऊन येणारा एजंट, सगळ्यांना तुम्ही एकेकदा चहाला बोलावून डावात बसवलंत आणि पाटावर हरवलंत. पण कुणाचं दुखलेलं कधी उचललं नाहीत. तोतऱ्याचं तोतरेपण नाही, विधवेचं रडणं नाही. हा नियम तुम्ही कधी बोलून दाखवला नव्हता. बोलून दाखवायला पाहिजे होता, अक्का. माझ्यासारख्या अर्धवट शहाणीला तरी.

आता ते लिहिते. वहीत नाही, इथं.

तुम्हाला भांड्यांशी बोलायची सवय होती. मोरीवर घासायला बसलात की एकेकाला हाक. "चल बाई, तुझा नंबर आला." तव्याला वेगळी शिवी, कढईला वेगळी. दूध वर यायला लागलं की, "थांब गं, माणसात ये, सगळे बघून राह्यलेत." मी सुट्टीला हसनाबादला आले की ओसरीवरून ऐकत बसायची. आमचे हे बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात, आम्ही नवीन जालन्यात दोन खोल्यांत. माझ्या भांड्यांशी कोण बोलणार, मी आपली रेडिओ लावायची. तुमच्याकडं आलं की घर भरल्यासारखं वाटायचं.

त्या दुपारी मी चहाचा कप ठेवायला मागं आले होते. तुमची पाठ माझ्याकडं. समोर ते मोठं पितळी पातेलं, ज्याला दर दिवाळीच्या आधी कल्हईवाला येऊन कल्हई करून जायचा. तुम्ही चिंचेनं ते घासत होतात आणि त्याला म्हणालात, "तुला निदान वर्साला कल्हई तरी करतेत. माह्याकडं कोण बघतंय?"

मी मागच्या मागं फिरायला पाहिजे होतं. फिरलेच. पण ते वाक्य बरोबर घेऊन गेले.

तासाभरानं डाव बसला. पंधरा-वीस माणसं, सुट्टीला आलेल्या नणंदा, त्यांची पोरं. गुलाम माझ्याकडं उरला. कुणीतरी म्हणालं, "अक्काची कर." तुम्ही हसतच पाटावर जाऊन बसलात. मी मोरीवरून पातेलं उचलून आणलं. पदर खोचला, उकिडवी बसले, तुमच्या आवाजात सुरू केलं. चल बाई, तुझा नंबर आला. सगळे हसले, तुमचेही डोळे हसत होते. तिथं थांबता आलं असतं. पण मला टाळी हवी होती, अक्का, दुसरं काही नव्हतं, नुसती टाळी. मी ते वाक्य म्हणाले. कल्हईचं. तुमच्याच आवाजात, तुमच्याच उसाशासकट.

घर फुटेल असे हसले सगळे. दादा सगळ्यात जास्त. मांडीवर थाप मारून म्हणाले, "येऊ दे कल्हईवाला, औंदा हिला बी बसवू भट्टीवर!"

तुम्ही नियम पाळलात. तोंड बंद, हात मांडीत. तुमच्याकडं बघितलं आणि माझ्या हातातलं पातेलं मला जड झालं. तुम्ही रागावला असतात तर चोर झाला असतात, तेवढंच. नाही रागावलात. हसणं संपेपर्यंत बसलात, मग उठलात आणि म्हणालात, "झालं? मंग वाटा पत्ते."

वाक्य तिथंच राहिलं नाही. घरात म्हणच पडून गेली. लग्नात, बारशात, तुम्ही नवं लुगडं नेसून आलात की कुणीतरी म्हणणारच, काय अक्का, कल्हई झाली वाटतं! तुम्ही हसून पुढं जायच्या. आणि दोन-तीन वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मी घरात असले की मोरीवरून नुसता भांड्यांचा आवाज येतो. अंगणात पाऊल टाकेपर्यंत तुमचं बोलणं ऐकू यायचं, मी उंबरा ओलांडला की बंद. बाकी सगळ्यांसमोर चालू. फक्त माझ्यापुढं बंद. याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच काळात कारलं सुरू झालं. तुम्ही चोर झालात आणि पोरं म्हणाली धाकलीची करा, की तुम्ही म्हणायच्या, "मला न्हाई येत तिची." सगळ्या हसनाबादची येते, एकट्या माझी येत नाही? तुम्ही ताटलीतली कारल्याची फोड उचलायच्या आणि बिस्किट खाल्ल्यासारखी खायच्या. बांधावर वेल लावला होता तुम्ही. मी येणार असले की आदल्या दिवशी कारली तोडून ठेवलेली असायची. पोरांना वाटायचं, आजीला कारलं आवडतं. वीस वर्षं कारलं खाल्लंत, पण माझी नक्कल केली नाहीत.

मी चिडायची. माझा स्वभाव तुम्हाला माहीत, मनात ठेवून बसणं मला जमत नाही आणि नेमकं जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलते. एकदा भर डावात ओरडले, "करा ना एकदा! राग असंल तर काढा की भायेर! माझी फजिती करा, फिटून जाऊ द्या!" तुम्ही म्हणालात, "कामून राग येईल बाई? पत्ते पीस." आणि फोड तोंडात टाकलीत.

मला माफी मागायची होती. मागितली नाही. स्टीलचा डबल तळाचा सेट आणून दिला, तो तुम्ही पेटीत ठेवलात, सुनेच्या लग्नात काढलात. डोळ्याच्या ऑपरेशनला जालन्याला आलात, आठ दिवस माझ्याकडं होतात. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी मुद्दाम घासायची भांडी ओट्यावर ठेवून दाराआड उभी राहायची, की तुम्ही बोलाल, चुकून तरी बोलाल. तुम्ही चाचपडत एकेक भांडं विसळायच्या, बिलकुल मुक्या. सहाव्या दिवशी मी हिंमत केली. म्हणाले, "अक्का, ते कल्हईचं..." तुम्ही पट्टीखालून म्हणालात, "कसली कल्हई गं? आता कुठं ऱ्हायले कल्हईवाले, समदी स्टीलची भांडी झाली." झालं. दार लागलं. त्यानंतर मला परत ते ढकलता आलं नाही. तुम्ही खरंच विसरला होतात, का मला वाचवत होतात, का शिक्षा देत होतात, हे मी रोज स्वतःला विचारायची.

मनीषाचा, तुमच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "काकू, आत्यांच्या छातीत कळ आली, जीप निघाली, तुम्ही दवाखान्याच्या गेटवर थांबा." मी थर्मासमध्ये चहा घेतला, टॉवेल घेतला, तुमच्यासाठी धुतलेली साडी घेतली आणि गेटवर जाऊन उभी राहिले. अक्का, मी काय ठरवत होते सांगू? ठरवत होते, आता ही बाई आठ-पंधरा दिवस पलंगावर पडून राहणार, उठून जाता येणार नाही, आता बोलायचंच. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. जीप आली. दादा पुढं बसले होते. ते उतरले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी थर्मास हातात घेऊन तशीच उभी. तो चहा संध्याकाळी मोरीत ओतला. इतकी वर्षं मला वेळ होता आणि मी तुमच्या आजारपणाची वाट बघत बसले, ही लाज मला जन्मभर पुरेल.

महिन्याचं घालायला आम्ही परवा हसनाबादला आलो. जेवणं झाली. भटजी गेले, भावकी गेली. राहिलो घरचेच, सहा-सात जण. कूलर चालू. हातांचं काय करावं कळेना. आणि दादा, जे महिनाभर हूं की चूं करत नव्हते, ते गौरीला म्हणाले, "कॅट काढ गं."

मनीषा दचकली. "मामा, लोक काय म्हणतील?"

"लोकांला बी बसू दे खेळाया," दादा म्हणाले. "तिचा खेळ हाये. मांडा."

मांडला. बदामचा गुलाम ठेवला, मी एक शब्द बोलले नाही. पत्ते वाटताना तुमच्या जागेवर मनीषाचा हात थांबला, मग पुढं गेला. कुणी हसत नव्हतं. इतका गप्प गुलामचोर कुणी खेळला नसेल. जोड्या पडत गेल्या आणि गुलाम गौरीच्या हातात उरला. अकरा वर्षांची पोर, तिनं पत्ता खाली टाकला आणि कुणी काही ठरवायच्या आतच म्हणाली, "मी जालन्याच्या आजीची करते."

मी पाटावर जाऊन बसले. नियम आहे. तोंड बंद केलं.

गौरी आत गेली, माझी पर्स काखेत मारून, पिशवी हातात घेऊन बाहेर आली. "निघते बरं का अक्का!" असं म्हणाली आणि खाली बसली. परत उठली. "यष्टी चुकंल आता, निघतेच." पिशवी उघडली, सगळं काढलं, सगळं परत भरलं. "दाळ कशाला दिली, खूप हाये घरी," म्हणत ती डाळीची पिशवी सगळ्यात खाली, कपड्यांत गुंडाळून ठेवली. सगळे हसायला लागले, महिनाभरात पहिल्यांदा. मी ओठ दाबून बसले. मी अशी आहे? असेन. मग ती निघाली. ओसरी ओलांडली, अंगण ओलांडलं, कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशी पोचली, तिथं थांबली, आणि चप्पलचा मागचा पट्टा बरोबर करायला खाली वाकली.

अक्का, माझ्या चप्पलेला मागं पट्टाच नसतो. मी आयुष्यभर सपाता घालते.

दर वेळी, हसनाबादहून निघताना, त्या लिंबापाशी मी वाकायची. चप्पल बघायचं निमित्त करून, हाताखालून मागं बघायची, तुम्ही अजून दारात उभ्या आहात का. राग असता तर आत गेल्या असत्या. तुम्ही उभ्या असायच्या. मग मी एसटीत बसून निवांत व्हायची. हे माझं मला माहीत होतं. यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आणि दुसरं सांगते. वाकताना गौरीनं डावा हात गुडघ्यावर टेकवला, बारीक 'अगं आई' म्हणाली. मी गुडघ्यावर हात टेकवत नाही. तुम्ही टेकवायच्या. ती पोर माझी नक्कल करत नव्हती. तुम्ही माझी नक्कल कशा करायच्या, ते करत होती.

"कुणी शिकवलं हे तुला?" मी नियम मोडून विचारलं.

"आजीनं," गौरी लिंबापासून ओरडली. "तू गेली की आजी करून दाखवायची आम्हाला. दर टायमाला. आम्ही रडत असलो की म्हणायची, थांबा, जालन्याच्या आजीला परत आणते. आणि दारात उभी असली की म्हणायची, बघा, आता वाकंल. बघा. वाकली! अन् तू वळल्याबिगर आत यायची न्हाई. म्हणायची, मी दिसले न्हाई तर तिला यष्टीत करमायचं न्हाई."

पाठीमागं नक्कल करायची नाही, हा तुमचाच नियम होता, अक्का.

"मंग माझ्यापुढं कामून न्हाई केली?" मी पाटावरूनच विचारलं.

गौरी परत ओसरीवर आली. पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "मी विचारलं होतं आजीला. तर म्हणली, तिच्यापुढं केली तर ती वाकायचं बंद करंल. मंग मी काय बघू?"

मी रडले. पाटावर बसून, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी हमसून रडले. तुम्हाला माहीत होतं ना, एकदा कुणी आपली सवय सगळ्यांपुढं मांडली की ती हातातून कशी जाते. माझ्यामुळंच माहीत होतं. माझ्यापुढचं भांड्यांशी बोलणं माझ्यापायी गेलं तुमचं, आणि माझं वाकणं जाऊ नये म्हणून तुम्ही वीस वर्षं कारलं चावलंत. आणि मी मूर्ख, मला वाटत होतं, ही बाई सूड उगवतेय.

मग दादा घसा साफ करून म्हणाले, "पाटावर रडली. धाकली हारली. पुढचा चोर धाकली."

रडण्याचा नियम नव्हता खरं तर. हसला किंवा रागावला तर. पण मी वाद घातला नाही.

"कुणाची करू?" मी विचारलं.

दादांनी पत्ते गोळा केले, कॅट बरोबर केला, परत बरोबर केला. "तिची कर," ते म्हणाले.

मनीषानं सवयीनं कारल्याची ताटली माझ्यापुढं ठेवली. तुमच्याच वेलाचं कारलं, अजून लागतंय त्याला. मी ताटलीकडं बघितलं. खाऊन मोकळं होता आलं असतं. ताटली बाजूला सारली आणि पाटावरून उठले. पाट मोकळा झाला. तुमची नक्कल, म्हणजे तिथं तुम्ही बसायचं. सगळे मागं सरकले, पाटासमोर जागा केली, कुणी न सांगता.

मी मोरीवर गेले. ते पितळी पातेलं फळीवर होतं. उचललं आणि आत बघितलं तर माझं तोंड दिसलं. नवी कोरी कल्हई. माझ्यामागं आलेल्या मनीषाकडं मी वळले. ती हळूच म्हणाली, "मामा गेल्ते मागच्या आठवड्यात. भोकरदनला न्हाई भेटला, राजूरला न्हाई भेटला. जालन्याला जुन्या बाजारात एक म्हातारा भेटला, त्याच्यापुढं दिवसभर बसून करून आणली." जालन्यात आले होते दादा, आणि माझ्या घरी आले नाहीत. कशाला येतील? काय सांगतील?

मी पातेलं घेऊन ओसरीवर आले. पदर खोचला. डावा हात गुडघ्यावर टेकवून खाली बसले. अक्का, खरं सांगते, मला तेव्हा मोह झाला. तुमच्या आवाजात एक वाक्य म्हणायचा. 'जाऊ दे गं धाकले,' एवढंच. तुमच्या तोंडून ऐकलं असतं मी ते, माझ्याच गळ्यातून का होईना. पण नक्कल पटली नाही तर परत करावी लागते, आणि घरच्यांना तुमचं खरं-खोटं बराबर कळतं. तुम्ही माफी देताना कधी बोलला असता का? तुम्ही पत्ते वाटायला सांगितलं असतं.

मी पातेल्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल बाई, तुझा नंबर आला."

पुढचं काही म्हणता आलं नाही. तेवढीच झाली नक्कल. कुणी हसलं नाही, कुणी 'परत कर' म्हणालं नाही. दादा माझ्याकडं बघतच नव्हते. ते पाटाकडं बघत होते.

मग मनीषा चहा टाकायला उठली, यांनी कूलरमध्ये पाणी भरलं. गौरीनं पत्ते डबीत भरले आणि पाट उचलून भिंतीला लावायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे तितंच," दादा म्हणाले. "डाव सपला न्हाई अजून."